गुरुवारची प्रॉक्सी

"वैजू, पुस्तक ठेव खाली आणि तू उभी राहा," केसकर सर म्हणाले.

गुरुवार असला की हे ठरलेलंच होतं. आमच्या नाटकाची नायिका अंबिकाक्का महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. गुरुवारी तिथं लसीकरण असायचं, त्यामुळं त्या दिवशी तिला तालमीला यायला जमायचं नाही. मग तिची प्रॉक्सी मी. गैरहजर नटाच्या जागी उभं राहायचं, त्याची वाक्यं वाचायची, तो जिथं जातो तिथं जायचं, एवढंच प्रॉक्सीचं काम. अभिनय कसा झाला ते कुणी विचारत नाही. मी त्या नाटकाची सहायक दिग्दर्शक होते, प्रॉम्प्टर होते, चहा सांगणारी होते आणि गुरुवारपुरती अंबिकाक्का होते. तेवीस वर्षांची होते, आणि या चारही हुद्द्यांचा मला भारी अभिमान होता.

त्या संध्याकाळी सरांनी बाकीच्यांना सुट्टी दिली होती. तालमीसाठी घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. सर, मी आणि मल्लिनाथ हत्तुरे. मल्लिनाथ वीज कंपनीत कारकून होता. नाटकात खलनायक, आणि एरवी रिक्षावाल्यालाही अहोजाहो करणारा माणूस.

"दुसरा अंक. कारखान्याचा प्रसंग," सर म्हणाले.

नाटक सरांनीच लिहिलं होतं, सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांवर. दुसऱ्या अंकात यशोदा, म्हणजे अक्का, वळलेल्या विड्यांची टोपली घेऊन कारखान्यात येते. चेकर, म्हणजे मल्लिनाथ, तिच्या विड्या तपासतो, निम्म्या मुद्दाम खराब म्हणून बाजूला काढतो, मग दार लावून घेतो. आम्ही बसवलं होतं ते एवढंच. तो एक पाऊल पुढं येतो, ती एक पाऊल मागं सरते, आणि अंधार.

"आज पुढं जाऊ," सर म्हणाले. "मल्लू, पाऊल टाकल्यावर थांबायचं नाही. डाव्या हातानं पदर ओढायचा, उजवा हात तोंडावर. घट्ट. मी पाच मोजेन, मग अंधार."

मल्लिनाथनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. "सर, पण अक्कानं..."

"अक्काचं नंतर बघू. आधी करून तर बघ."

मी ओढणी पदरासारखी घेतली होती. ती ओढली गेली आणि दुसऱ्याच क्षणी तोंडावर हात आला. त्याच्या हाताला शेंगाचटणीचा वास होता. ऑफिसातून येता येता त्यानं डबा खाल्ला असणार.

"छे! हे काय गोंजारणं आहे? ती काय काचेची आहे? पुन्हा."

पुन्हा झालं. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला मला श्वास घेता येईना आणि डोकं मागं भिंतीला लागलं. प्रत्येक वेळी हात काढला की मल्लिनाथ हळूच "सॉरी गं" म्हणायचा आणि पँटला तळवा पुसायचा. मी "असू दे रे" म्हणायची. सहा वेळा झालं.

"वैजू, तू काही करू नकोस. तू नुसती उभी राहा," सर मधेच म्हणाले होते. म्हणून मी नुसती उभी राहिले.

सहाव्या वेळी सरांनी टाळी वाजवली. "जमलं! आता दोघंही ऐका. हे रविवारी स्पर्धेच्या प्रयोगातच करायचं. वैजू, पुस्तकात लिहायचं नाही. आणि अंबिकाला अजिबात सांगायचं नाही."

माझं पुस्तक म्हणजे नाटकाची संहिता, एका पानाआड एक कोरं पान घालून बांधलेली. कोण कुठून येतो, कुणी पेला कुठल्या हातात धरलाय, सगळं मी त्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं लिहायची. सर म्हणायचे, वैजूच्या पुस्तकात नाही ते आमच्या नाटकात नाही. त्यांनी कधी कुठली गोष्ट लिहू नकोस म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"सर, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

तिनं खरंच सांगितलं होतं. पहिल्या वाचनाला सगळ्यांसमोर, वही मिटून. 'सर, काम मी करते. दोन गोष्टी फक्त. पदराला हात लावायचा नाही, तोंडाला हात लावायचा नाही. का, ते विचारू नका.' सरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

"दिला होता की! आणि दोन महिने पाळला," सर म्हणाले. ते चिडले नव्हते, हेच त्यांचं अवघड होतं. ते समजावायला लागले की आपणच मूर्ख वाटायला लागतो. "पण तू बघतेस ना, ती ओरडत नाही. मी घसा कोरडा करून सांगतोय, बाई, तिथं किंकाळी फोड, आणि ती वळून दाराकडं बघते. म्हणे, 'ओरडली तर उद्यापासून वळायला पान-तंबाखू देणं बंद, ती नाही ओरडणार.' तिची आई विड्या वळायची, मान्य. पण प्रेक्षकाला दाराकडं बघणं दिसतं का? एकदा खरं घडलं की ती ओरडेल. पाच सेकंदांचा प्रश्न आहे. पदक तिलाच मिळणार आहे, मला नाही."

मग दाराला कुलूप लावता लावता ते म्हणाले, "आणि हो, पुढच्या वर्षीची एकांकिका तू बसवायची. कमिटीत बोललोय मी."

आमच्या संस्थेला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती आणि सव्वीस वर्षांत एकाही बाईनं नाटक बसवलं नव्हतं. मी घरी गेले ती स्कूटीवरून जवळजवळ उडतच. अर्ध्या वाटेत, सिग्नलला थांबले तेव्हा, तोंडाला तो चटणीचा वास आला आणि मी ओढणीनं तोंड पुसलं.

शुक्रवारी मी अक्काला पाच वेळा फोन लावला आणि पाचही वेळा रिंग जायच्या आत कापला. मेसेज लिहिला, 'अक्का, एक सांगायचं होतं.' पुसला. 'अक्का, रविवारी सावध राहा.' हे तर एखाद्या भविष्यवाल्यानं लिहिल्यासारखं वाटलं. तेही पुसलं. मी एका क्लासेसमध्ये हिशेब शिकवायची. त्या दिवशी फळ्यावर ताळेबंद मांडताना दोन्ही बाजू एकाच बाजूला लिहिल्या आणि पोरं हसली.

सांगितलं तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. अक्का सरांना जाब विचारेल, सर विचारतील कुणी सांगितलं, एकांकिका गेली. शिवाय दोन महिन्यांचं नाटक मोडायचं पाप माझ्या डोक्यावर. नाही सांगितलं तर? तिथं मात्र माझा विचार पुढंच जायचा नाही. पाच सेकंद, पाच सेकंद, असं मी मनाला सांगत राहायची. आणि गंमत अशी की गुरुवारी ते पाच सेकंद किती लांब होते, हे मला एकटीलाच माहीत होतं.

शनिवारी रंगीत तालीम झाली. अक्का आली ती सगळ्यांसाठी सकिनाल घेऊन. तिच्या माहेरच्या तेलुगू पद्धतीचा हा तळणीचा पदार्थ, संक्रांतीचा, पण तिला डबा भरून आणायला सण लागायचा नाही. कारखान्याचा प्रसंग जुन्या पद्धतीनंच झाला. एक पाऊल पुढं, एक पाऊल मागं, तिनं दाराकडं बघितलं, अंधार. एरवी सर तिथं थांबवून ओरडायचे. त्या दिवशी गोड आवाजात म्हणाले, "छान. अगदी छान."

अक्का हसली. मल्लिनाथ विंगेत जाऊन पाणी पिऊन आला, मग पुन्हा गेला.

"वैजू, तोंड का उतरलंय गं?" अक्कानं मला कोपऱ्यात गाठलं. मोठी बहीण विचारते तसं विचारलं. आता सांगावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सर दहा फुटांवर प्रकाशयोजनेवाल्याशी बोलत होते.

"काही नाही अक्का. पाळी आलीय."

"मग सांगायचं नाही होय?" तिनं पर्समधून दोन गोळ्या काढल्या, माझ्या हातात कोंबल्या, वर पाण्याची बाटलीही दिली. "एक आता घे. माझ्यासमोर घे. तुम्ही पोरी नाटकापायी जेवत नाही की काही नाही."

मी ती गोळी तिच्यासमोर गिळली. काहीही दुखत नसताना.

रविवारी प्रयोग दुपारी होता. स्पर्धेची फेरी, परीक्षक तिघं, नाट्यगृह जवळजवळ भरलेलं. मी ठरवून लवकर गेले होते. अक्का आली की दारातच सांगायचं. पण ती दवाखान्यातून थेट आली, उशिरा, आणि घामाघूम तशीच रंगपटात जाऊन आरशासमोर बसली. रंगभूषाकारानं तिच्या कपाळाला पहिला हात लावला आणि माझी वाट बंद झाली.

आमच्या संस्थेत एक कडक नियम होता. नटाच्या चेहऱ्याला रंग लागला की पडदा पडेपर्यंत त्याला बाहेरचं काही सांगायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. एकदा एका नटाचे वडील पहिल्या अंकात गेले, आणि त्याला ते नाटक संपल्यावर, चेहरा पुसून झाल्यावर सांगितलं होतं. ही गोष्ट सर प्रत्येक नव्या मुलाला सांगायचे, आणि सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. मलाही सांगितली होती, आणि माझाही भरून आला होता.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसरीला मी विंगेत स्टुलावर बसले, मांडीवर पुस्तक, हातात छोटी बॅटरी. समोरच्या विंगेत मल्लिनाथ उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. सांगितलंस का? मी मान हलवली. नाही. त्यानं नजर खाली टाकली. म्हणजे तोही माझ्यावरच भिस्त ठेवून होता, आणि मी त्याच्यावर.

पहिल्या अंकात माझी तीन प्रॉम्प्टिंगं चुकली. नटांनी सांभाळून घेतलं. अक्का रंगमंचावर सुपात पानं घेऊन बसली होती, कात्रीनं पान कापत होती, तंबाखू भरत होती, सूत गुंडाळत होती. तोंडानं वाक्यं चालू आणि बोटं आपली आपलं काम करतायत. बाकीच्या तिघींना आम्ही खोटं खोटं वळायला शिकवलं होतं. अक्का खऱ्या वळत होती. मागच्या रांगांमध्ये विडी कामगारांच्या वस्तीतून आलेल्या बायका बसल्या होत्या; त्यांच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "हिला येतंय की!" सगळं नाट्यगृह हसलं. मला रडू यायला लागलं.

पहिला अंक संपला. मध्यंतर दहा मिनिटांचं. सर प्रेक्षागृहाच्या मागं, प्रकाशाच्या टेबलाशी होते; तिथून विंगेत यायला त्यांना दोन मिनिटं लागतात, हे मी मनाशी मोजलं. नियम मोडायला मला त्या दोन मिनिटांचाच धीर होता.

बायकांच्या रंगपटात अक्का एकटीच होती. दुसऱ्या अंकाची साडी नेसून झाली होती, खांद्याशी पिन लावत होती.

"अक्का, कारखान्याच्या प्रसंगात मल्लू थांबणार नाहीये. पदर ओढणार आहे. तोंडावर हात ठेवणार आहे. सरांनी सांगितलंय. तुला सांगायचं नाही, असंही सांगितलंय."

एका दमात बोलून टाकलं. तिचा हात पिनेवर थांबला. आरशातून तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती ओरडेल, सरांना बोलव म्हणेल, साडी सोडून निघून जाईल.

"कधी ठरलं?"

"गुरुवारी."

"मी नव्हते तेव्हा." तिनं पिन लावली. "मग तालीम कुणावर केली? तुझ्यावर?"

"हो."

"किती वेळा?"

"सहा."

ती वळली. आता आरशातून नाही, सरळ बघत होती. "तुला विचारलं होतं?"

"मला कशाला विचारतील, अक्का?"

पुढं येऊन तिनं माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडं वळवला, दवाखान्यात लेकरांचा घसा बघतात तसा. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. पण मला गुरुवारपासून पहिल्यांदा हुंदका आला, आणि तो आवरेना. का आला ते मला त्या क्षणी कळलंही नाही. मला वाटलं, मी तिच्यासाठी रडतेय.

"तीन दिवस होते तुझ्याकडं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "गोळीसुद्धा घेतलीस माझ्याकडनं."

"चुकलं अक्का."

"ते नंतर बघू. किती मिनिटं आहेत?"

"सात. अक्का, नाटक थांबवायचं का? मी सांगते सरांना, तुझ्या पोटात दुखतंय म्हणून..."

"का म्हणून थांबवायचं? काम माझं आहे. मल्लूला बोलव."

मल्लिनाथ दारात आला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघूनच त्याला सगळं कळलं. "अक्का, शप्पथ सांगतो, तीन रात्री झोप नाही मला."

"मग सांगायचं होतंस की. झोपला असतास," अक्का म्हणाली. "इकडं ये. हात वर कर, तोंडावर ठेवणार तसा. थांब. तिथंच."

तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं. त्याचा तळवा तिच्या ओठांपासून दोन बोटं लांब राहिला.

"हे अंतर माझं. मी धरून ठेवलंय, तू नुसता जोर लावल्यासारखं कर. लोकांना वाटेल मी हात सोडवतेय. आणि पदराला तू शिवायचं नाही. हात नुसता तिथवर आण. पिन काढून ठेवते, पदर माझा मी टाकीन. अंधार झाला की दोन पावलं मागं. कळलं?"

"सरांनी पाचपर्यंत मोजायचं ठरवलंय," मी म्हणाले.

"मोजू देत."

त्यांनी एकदा करून बघितलं, मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी मल्लिनाथच्या चेहऱ्यावर चेकर दिसायला लागला. तीन दिवसांत पहिल्यांदा तो नट दिसत होता. घंटा झाली.

दुसऱ्या अंकाचा तो प्रसंग येईपर्यंत अठरा मिनिटं गेली. एक भीती जाऊन दुसरी आली होती. मल्लिनाथ गडबडला तर? अक्काची पकड सुटली तर? सरांना मागून कळलं तर?

चेकरनं विड्या उधळल्या. दार लावलं. एक पाऊल. अक्का मागं सरली. मल्लिनाथ थांबला नाही. त्याचा डावा हात आला, पदर खाली पडला, उजवा हात तोंडावर गेला, आणि तिनं दोन्ही हातांनी मनगट धरलं. प्रेक्षागृहात कुणाचा तरी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. मी बाजूला बसले होते म्हणून मला ते दोन बोटांचं अंतर दिसत होतं. समोरून ते कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

एक. दोन. तीन. चार. पाच.

अंधार झाला नाही.

सहा. सात. सर उजेड घालवत नव्हते. त्यांना किंकाळी हवी होती, ते वाट बघत होते. आठ. नऊ. मल्लिनाथचे डोळे भीतीनं माझ्याकडं वळले. त्याला पुढं काय करायचं माहीत नव्हतं, आणि माझ्या पुस्तकात तर तिथं काही लिहिलेलंच नव्हतं.

अक्कानं त्याचं मनगट हळूहळू खाली आणलं. ओरडली नाही. त्याच्या खांद्यावरून तिनं बंद दाराकडं बघितलं. मग ती खाली बसली, पदर उचलून खोचला आणि जमिनीवर उधळलेल्या विड्या एकेक करून टोपलीत गोळा करायला लागली. चेकर तिथंच उभा. दोन-तीन विड्या त्याच्या चपलेखाली होत्या. ती चपलेसमोर हात पसरून थांबली. मल्लिनाथनं पाय उचलला. तिनं त्या विड्या उचलल्या, फुंकर मारून धूळ उडवली, टोपलीत ठेवल्या. तेव्हा कुठं अंधार झाला. मागच्या रांगेत एक बाई हुंदके देत होती, ते अंधारातही ऐकू येत होतं.

नाटक संपून पडदा पडल्यावर सर धावतच आले. डोळे लाल, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. त्यांनी आधी मल्लिनाथला मिठी मारली, मग अक्कासमोर हात जोडले.

"बघितलंस, अंबिका? आता रागावशील, रागाव. पाया पडतो. पण हे तालमीत येतं का? त्या विड्या उचलणं, ती फुंकर! खरं घडल्याशिवाय असलं सुचतं का माणसाला? किंकाळीपेक्षा मोठं दिलंस तू!"

अक्का खोबरेल लावून कापसानं रंग काढत होती. "सर, मला माहीत होतं."

सर हसले. "सगळे नट नंतर असंच म्हणतात."

"मध्यंतरातच कळलं होतं मला. तोंडाला हात लागलाच नाही. पदरालाही नाही. मल्लू, मनगट दाखव."

मल्लिनाथनं हात पुढं केला. मनगटावर तिच्या बोटांचे आठ-दहा लाल वळ होते. सर त्या वळांकडं बघत राहिले. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या नटीनं त्यांच्या डोळ्यांदेखत केवढं काम केलं होतं. पण त्यांचा चेहरा लुबाडल्यासारखा झाला.

"म्हणजे ते खोटं होतं?"

"अभिनय होता," अक्का म्हणाली. "त्यासाठीच घेतलं होतंत ना मला?"

सरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते मल्लिनाथकडं वळले. "तू सांगितलंस?"

मल्लिनाथनं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. त्याची ती खाली गेलेली मान बघून मला वाटलं, चला, सुटलो. तो गप्प आहे, अक्काही नाव घेत नाही, आपण पुस्तक काखेत मारून निघून जाऊ शकतो. एकांकिका वाचते. हे सगळं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. बारा वर्षं झाली, आता मी स्वतः नाटकं बसवते, पण ते 'सुटलो' मला अजून विसरता आलेलं नाही.

मग अक्कानं माझ्याकडं बघितलं. बोल, असं तिच्या नजरेत नव्हतं. गप्प राहा, असंही नव्हतं. मगाशी हनुवटी धरून बघितलं होतं, तसंच नुसतं बघत होती.

"मी सांगितलं, सर," मी म्हणाले.

"तू?" त्यांना धक्का बसला तो खरा तेव्हा. "वैजू, तू? अगं, तुझ्यासमोर ठरलं सगळं! तुझ्यावर सहा वेळा करून बघितलं. तेव्हा हूं नाही की चूं नाही. तेव्हा तुला काही वाटलं नाही, आणि आज अचानक..."

"वाटलं होतं. मला श्वास घेता येत नव्हता. डोकं भिंतीला आपटलं." माझा आवाज चढला होता. सरांसमोर तो कधी चढला नव्हता. मला राग आला होता, आणि तो अक्कासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. हे मला बोलता बोलताच कळत गेलं. "तुम्ही अक्काला फसवणार होता म्हणून तीन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. पण माझ्या बाबतीत तर ते गुरुवारीच करून झालं होतं. तुम्ही मला विचारलंच नाही, सर. हात लावू का, एवढंसुद्धा नाही."

मल्लिनाथनं वळ उठलेला हात मागं लपवला. सर माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता ते ओरडतील, चालती हो म्हणतील, आणि मी त्याला तयार होते.

पण ते ओरडले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी पडली, अवघड वाक्याचा अर्थ लावताना पडायची तशी. त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी ते नेहमीच्या त्या समजावणीच्या सुरात, अगदी मायेनं म्हणाले,

"अगं वैजू, पण तू तर प्रॉक्सी होतीस."